भाज्यांमध्ये नसलेला आवाज

कप्तान लिंतिकचा पहिला ठोसा
म्हणजे केळीचा खांब आणि ओला टॉवेल.
मी मारला होता, उजव्या हाताने,
किआपोमागच्या गोदामात, पंखा बंद करून,
कारण माइकला पंखाही ऐकू यायचा.

नऊ सिनेमे केले आम्ही.
लिंतिक म्हणजे आमच्याकडे वीज, आणि शिवीसुद्धा.
ओनोरियो म्हणाला, एका नावात दोनदा वाजेल, फुकटात.
ओनोरियो मागबानुआ : लेखक, दिग्दर्शक,
आणि पैसे संपले की कॉफी आणणारा पोऱ्याही.
पहिली पटकथा त्याने सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर लिहिली.
पानं उलटली की बोटं पांढरी व्हायची.
पैसा मिसेस छुआंचा. बिनोंदोत कापडाचं दुकान.
म्हणून तर आमचे गुंड इतके नटलेले :
जे जे खपलं नाही, त्याचे शर्ट.

गाडी एकच होती.
पिवळी, मग काळी, मग पोलिसांची, मग खलनायकाची.
सहाव्या भागात ती उडवली तेव्हा
मेकअपवाल्या लुर्देसने हवेत क्रूस काढला,
आणि ड्रायव्हर जेवला नाही.

मोडणारी हाडं : सुक्या बांबूच्या कामट्या.
पिरगाळलेली मान : कोबी, दोन्ही हातांनी, सावकाश.
रात्री त्याच कोबीचं आंबट सूप व्हायचं
आणि ओनोरियो वाटी पुढे करायचा,
वाढ गं पेतांग, अजून एक मान वाढ.

नायक भिंतीभिंतीवर होता, दोन मजली.
त्याला उंचीची भीती वाटायची.
म्हणून छतावरून, पुलावरून, धावत्या जीपनीवरून
सेल्सो दिमायुगा पडायचा.
बातांगासचा, बुटका, कानामागे कायम सिगारेट.
पडताना त्याच्या तोंडून एक आवाज निघायचा,
पाठीवरचं पोतं उतरवताना हमाल सोडतो ना, तसला :
हं-अह्.
दुसऱ्या भागाच्या वेळी मी तो टेपवर घेतला.
पुष्कळ खटपट केली होती त्याआधी, भोपळा, नारळ, चामडं.
भाज्यांमध्ये तो आवाज नाही.

चौथ्या भागाला, आंगोनोच्या खाणीत,
खोके रचले होते एका बाजूला
आणि वारा आला दुसऱ्या बाजूने.
एवढंच सांगते.
कॅमेरा चालू होता. ओनोरियोने ते रीळ
कुणाला दाखवलं नाही, जाळलंही नाही,
बिस्किटांच्या डब्यात घालून मिसेस छुआंच्या तिजोरीत ठेवलं.
त्यानंतर तो ‘ॲक्शन’ म्हणेना.
नुसता हात वर करायचा, आणि मान दुसरीकडे.

पुढच्या पाच भागांत जो जो पडला,
गुंड, हवालदार, खुद्द नायक, एकदा तर बिशप,
तो सेल्सोच्या आवाजात पडला.
माझ्याकडे दुसरा आवाजच नव्हता, खरंच सांगते.
नंतर नंतर होता. तरी.

गेल्या वर्षी त्याची मुलगी आली, रेमेदियोस,
जेद्दाहून सुटीवर, नर्सचे पांढरे बूट घालून.
“फोटो आहेत घरात. आवाज नाही.”
मशीन जुनं, टेप चिकटलेली,
रीळ बोटाने फिरवावं लागलं.
हं-अह्.
परत लावा, म्हणाली.
परत लावलं.
तिसऱ्यांदा ती हसली, एकदम, तोंडावर हात ठेवून :
अहो, खुर्चीतून उठताना करायचे ते असं!
रोज. जेवण झाल्यावर.

मी उभ्या जन्मात
ती टेप ‘पडणे’ लिहिलेल्या कप्प्यात ठेवली होती.
ती गेल्यावर चिठ्ठी खरवडून काढली.
नवी अजून लिहिलेली नाही.
पेन घेऊन बसते, आणि मग चुलीवरचं सूप उतू जातं,
गुडघ्यावर हात टेकून उठावं लागतं.